पेचकस

जिंतूर रोडला, खताच्या गोदामाला लागून
ख्वाजामियांचं मोटार वाइंडिंगचं दुकान.
हौदावरची मोटार रिक्षात घालून नेली
आणि खाली उतरवायच्या आधीच सुरू झालो:
कॅपॅसिटर गेला असणार, व्होल्टेज कमी येतंय,
मागच्यानं तांब्याच्या जागी ॲल्युमिनियम भरलं.
विम्याचा एजंट मी, परभणीत चोवीस वर्षं.
समोरच्याचं वाक्य अर्ध्यात आलं की
माझं उत्तर चप्पल घालून दारात उभं असतं.

"साहेब, जरा गप ऱ्हावा," ख्वाजामिया म्हणाले.
"मोटार बोलायली."

बटण दाबलं. पेचकसाचं टोक
बेरिंगच्या घरावर टेकवलं, मूठ कानाशी,
आणि डोळे मिटून घेतले.
शेजारी पोरगं तारेचे वेढे मोजत होतं
ओठांतल्या ओठांत.
ट्रक गेला. चहा आला, त्यावर साय धरली.
मला तीनदा बोलावंसं वाटलं,
तिन्ही वेळा कॅपॅसिटरबद्दलच.

"कॅपॅसिटर चांगलाय. मागचं बेरिंग रडायलंय.
लई दिवसांपासून. तुमच्या कानावर आलं नाही?"

रात्री नांदेडहून ऋतुजाचा फोन.
"जेवलीस?" "हो."
"अभ्यास?" "चाललाय."
एरवी इथून पुढं मी मेस, वेळापत्रक,
मावसभावाचे मार्क असं सगळं सांगून
फोन मालतीकडं देतो.

आज कानाशी घट्ट धरला.
पलीकडं पंखा खटखटत होता.
कुणीतरी बादली ठेवली.
तिच्या "हो"च्या शेपटाला बारीक खरखर,
रेतीचा कण आत गेल्यावर येते तशी.
कधीपासूनची, काय माहीत.

"पप्पा? लाइन गेली का?"
"नाही. आहे मी."
"मग बोला ना."

जीभ टाळूला लावून ठेवली.
त्या पोरासारखे पंख्याचे वेढे मोजले.
नऊ, दहा, अकरा,
आणि ती बोलायला लागली.

काय बोलली ते इथं लिहीत नाही. ते तिचं.
मधे एकदा चुकलोच,
"अगं पण फॉर्म तर भर..." म्हणालो,
ती थांबली, आणि त्या थांबण्यात
माझाच आवाज मला ऐकू आला, कोरडा, घासणारा.
बऱ्याच वेळानं पुन्हा सुरू झाली.

मालती सवयीनं हात पुढं करून उभी होती.
मी मान हलवली: अजून नाही.
ती तिथंच उंबऱ्यावर बसली.
हौदात पाणी नव्हतं.
मोटार सोमवारी मिळणार होती.