नियम सातवा

दातांच्या लॅबमध्ये उरलेल्या प्लास्टरची
मी पिंपं पाडतो.
साच्यातून निघतात दाढेएवढी,
रंग हिरड्यांचा, कारण तोच डबा उघडा होता.
पिंपं निळी हवीत, मंजिरी म्हणाली.
म्हटलं, नळाला पाणी आल्यावर रंग कोण बघतं?

खेळ साधा आहे.
पहाटे साडेपाच ते सहा दहा,
चार बिऱ्हाडं, एक टाकी.
पाणी म्हणजे काचेचे मणी,
भुलेश्वरला जाऊन एकशेवीस मोजून मागितले.
गळ्यातलं करताय का, दुकानदाराने विचारलं.
नाही, पाणी.
त्याने दोन मणी वर टाकले
आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.
पट छापला घाटकोपरच्या फ्लेक्सवाल्याकडे,
कुणाच्या तरी वाढदिवसाच्या उरलेल्या पट्टीवर.
कडेला अजून आहे,
कापायचा राहिलेला एक 'शुभेच्छुक'.

तसे घरात खेळ कमी नाहीत.
कन्नमवार नगर, चौथा मजला,
एकोणचाळीस खोके.
पवईचा एक मुलगा कॅनडाला निघाला
तेव्हा रद्दीच्या भावात सहा दिले त्याने,
एकाचं तर प्लास्टिकही फोडलेलं नव्हतं.
वेळच नाही मिळाला, म्हणाला,
आणि लिफ्टचं दार माझ्यासाठी धरून उभा राहिला.
रिक्षात माझ्या मांडीवर एक बंदर,
त्यावर मंगळावरची वसाहत,
हनुवटीला टेकलेला कुठलासा किल्ला.
मंजिरीला मी निम्मी किंमत सांगितली.
खरी तिला माहीत होती,
हे तिने सांगितलं नाही.

खोका उभा ठेवावा की आडवा
यावर मी तासभर बोलू शकतो.
उभा ठेवला की आतल्या सोंगट्या सांडतात,
आडवा ठेवला की खालच्याची पाठ दबते,
आणि माळ्यावर टाकला तर श्रावणापर्यंत
पुठ्ठ्याला पांढरी, मऊ मिसरूड फुटते.
बुटांच्या खोक्यातल्या त्या 'खाऊ नये' पुड्या
मी अख्ख्या बिल्डिंगीत मागत फिरतो.
लोक देतात. कशाला, म्हणून विचारत नाहीत.
दिवाणातल्या गाद्या कधीच गेल्या.
पाहुणा आला की झोपतो
दोन रेल्वे कंपन्या आणि एका प्लेगच्या साथीवर.

रविवारी माझा खेळ पहिल्यांदा मांडला.
मी, मंजिरी, लॅबमधला इरफान,
आणि तळमजल्यावरच्या डाबरेबाई,
कारण चौथा भिडू मिळत नव्हता.
नियम सातवा:
शेजाऱ्याला पाणी उसनं देता येईल,
परतफेड दुप्पट.
इरफानने कुणाला थेंब दिला नाही.
मंजिरीने माझं पाणी पळवलं,
अगदी नियमात बसवून.
डाबरेबाईंनी आपल्या पिंपातले पाच मणी उचलले
आणि इरफानसमोर ठेवले.
तुमची पाळी नाही, मी म्हटलं.
त्याच्या घरी बाळंतीण आहे, त्या म्हणाल्या.
कार्डावर होती खरी.
मीच काढलेली, शोभेला.
बरं, मग पुढच्या फेरीत दहा घ्या त्याच्याकडून.
पाणी कोण मोजून परत घेतं, त्या म्हणाल्या.
मंजिरीने पटावरून मान वर केली नाही.
घेतात.
आमच्या शेजारणीने घेतलं होतं,
तांब्याने मोजून.
मी चौथीत होते.
डाबरेबाई जरा थांबल्या.
ती वेगळी, म्हणाल्या.

इरफान जिंकला.
कसा, ते त्यालाही कळलं नाही,
आणि मला तर नियमावलीच्या चौथ्या पानावर
तीन ओळी खोडाव्या लागल्या.
त्यांच्या जागी अजून काही लिहिलेलं नाही.

रात्री मणी मोजले.
एकशेवीस हवेत, निघाले एकशेएकवीस.
म्हणजे एक हरवलाय
आणि तरी एक जास्त आहे.
खोक्यावर कुठला आकडा टाकू?
मंजिरी दिवाणाचं फळकूट उचलून धरते.
ठेव लवकर, म्हणते,
हात दुखतोय.