शून्य रीडिंग

सव्वीस मे. शाळेला सुट्टी, फाटकाला कुलूप.
चौकीदार रामटेके किल्ली देताना एवढंच म्हणाले,
"या उन्हात पोरं मारता का मॅडम?"
तरी नऊ जण आले,
डोक्याला दुपट्टे, खिशात कांदा.
तौफीकच्या तर दोन्ही खिशांत.

पाचपावलीची ही मनपाची शाळा.
मी दर शनिवारी येते, फुकट.
शेजारच्या निखारे वहिनींना ते अजून पटत नाही,
"बरं, रिक्षाचे तरी देतात का?"
तेहतीस वर्षं लोकांच्या घरचे वीज मीटर तपासले,
कुत्री ओळखीची झाली, माणसं नाही.
आता सेल, तारा, लोहचुंबक
आणि कडेला तडा गेलेला लॅपटॉप
भाजीच्या पिशवीत घेऊन फिरते.

आज पिशवीत वायरिंगच्या पाइपाचा मीटरभर तुकडा,
दोऱ्याला बांधलेला नट, हाच आमचा ओळंबा,
आणि मुलांच्या गळी न उतरलेली एक गोष्ट:
बारा वाजून दहा मिनिटांनी
या पाइपाला सावली नसेल.

तिकडे जाफन्याला शिवगामी टीचरांच्या अंगणात
तसाच पाइप उभा होता.
गेल्या वर्षी तीन आठवडे राहिले मी तिथं.
तमिळचं अक्षर येईना, इंग्रजी माझं रजेच्या अर्जापुरतं.
पण सोल्डरिंग करताना बोट भाजलं की
मी "आई गं", त्या पोरी "अम्मा".
एवढं भाषांतर दिवा लागेपर्यंत पुरलं.

बारा पाचला फोन तापला.
पडद्यावर सूचना आली, थंड होऊ द्या.
यशोधरानं तो ओल्या फडक्यात गुंडाळून
माठाला टेकवून ठेवला, तापातल्या पोरासारखा.
आणि आम्ही बघत राहिलो.
सावली बोटभर, मग पेरभर,
मग पाइपाच्या बुडाशी काळी कड,
मग तीही नाही.
कोणी बोललं नाही. रामटेकेसुद्धा वाकून बघत होते.

फोन शुद्धीवर आला तेव्हा
शिवगामी टीचर ओरडून सांगत होत्या, ट्वेंटी! ट्वेंटी सेंटिमीटर्स!
मागे मुलांचा गलका.

आमच्याकडे शांतता.
अश्वघोष चपलेनं माती उकरत म्हणाला,
"आपला तं झिरोच आला नं मॅडम.
म्हंजे ते जिंकले?"

मला एकदम माझी वही आठवली, खाकी पुठ्ठ्याची.
रीडिंग शून्य आलं की आम्ही संशय घ्यायचो.
घर बंद असेल, नाहीतर तारेवर आकडा.
शून्य म्हणजे काहीतरी लपवलेलं.
किती दारांत मी त्या नजरेनं उभी राहिले.
एकदा एक बाई म्हणाली होती,
लाइट लावतच नाही हो, लवकर निजतो आम्ही.
तिच्या नावापुढे मी प्रश्नचिन्ह केलं होतं.

"लिही," मी म्हटलं, "शून्य. पेननं लिही.
त्यांचा वीस आपल्या शून्यावर उभा आहे."

मग व्हरांड्यात खडूनं त्रिकोण, कोनमापक,
साडेअकरा अंश,
नकाशावर दोरा ताणून अंतर,
हिमानीचा भागाकार, खोडलेला, परत केलेला.
पृथ्वीचा घेर आला एक्केचाळीस हजार किलोमीटर.
पुस्तकात चाळीस.
"हजार किलोमीटर चुकलं!" हिमानी रडवेली.
"इतक्या मोठ्या पृथ्वीत," तौफीक कांदा हुंगत म्हणाला,
"हजार इकडेतिकडे चालते."

फोन ठेवता ठेवता तिकडची एक चिमुरडी पुढे आली,
दर्शिका, पुढचे दोन दात पडलेले.
टीचरांनी तिचा प्रश्न इंग्रजीत केला, मी मराठीत:
आज तुमच्याकडे सावलीच नाही,
मग तुम्ही बसता कुठे?

नऊ जणांनी एकमेकांकडे पाहिलं.
आणि अश्वघोषनं, कोणी सांगितलं नसताना,
माझ्या हातातून फोन घेतला,
पटांगणाच्या कोपऱ्यातल्या कडुनिंबाकडे फिरवला.
त्याची सावली कुठेच गेली नव्हती,
बरोबर त्याच्याखालीच होती,
गोल.
तिच्यात रामटेके आमच्यासाठी पन्ह्याचे ग्लास मांडत होते.