एक पेला भरलेला

महिन्याचा पहिला रविवार उलटला
की पेले माझ्याकडे येतात धुवायला.
छत्तीस. बोटाच्या पेराएवढे,
जर्मनच्या गोल तबकात भोकाभोकांत बसवलेले.
हंडाभर रंगावली तापवते मी. साबण लावत नाही,
साबणाचा वास पुढच्या प्रभुभोजनापर्यंत टिकतो.

रसही माझाच.
शनिवारी काळ्या मनुका उकळायच्या,
फडक्यातून पिळून घ्यायच्या.
आमच्या पाड्यात आता भट्टी कुणी लावत नाही,
पण मोहाची फुलं पडायला लागली
की वास चर्चच्या पत्र्याखालीही येतो
आणि म्हातारे डोळे मिटून घेतात.
प्रार्थनेसाठी, असं आपण म्हणू.

धाकटा एलीशा विचारतो,
काकी, हे खरंच रक्त असतं?
बाळा, मनुका मी उकळल्यात,
मला नको विचारू.
नदीपल्याडचे म्हणतात, खरंच.
आमचे पाळक म्हणतात, आठवण.
मी दोघांचंही ऐकते
आणि पेले मोजते.

पेल्यांना खोटं बोलता येत नाही.
कुणाचा हात कापला, कुणाची मिशरी काठाला लागली,
बाप्तिस्मा नसलेल्या कुठल्या पोरानं
गुपचूप बोट फिरवलं तळाशी,
सगळं कळतं.
तीन वर्षं एक पेला भरलेला परत यायचा.
मागून दुसरा बाक, खिडकीकडचा.
जालम वसावे.

बाप गेला, वनपट्टा कागदावर रतूच्या नावे लागला,
तेव्हापासून.
तबक आलं की जालम पेला उचलायचा,
सगळे पिईपर्यंत हातात धरायचा
आणि सांडू न देता परत ठेवायचा.
मनात अढी असेल तर घेऊ नका,
पाळक दर वेळी बजावतात.
आम्ही मान खाली घालतो आणि घेतो.
त्या वाक्यावर विश्वास असलेला
अख्ख्या मंडळीत तो एकटाच, असं मला वाटायचं.

भरल्या पेल्याचं काय करायचं
हे कुणी शिकवलं नव्हतं.
मोरीत ओतवेना. दुसऱ्यांदा पिणं बरं नव्हे.
मागच्या सीताफळाच्या बुडाशी ओतत आले.
झाड गोड झालं वगैरे काही नाही.
किडकीच फळं देतं, पूर्वीसारखी.

पाव नवापुराहून येतो.
तिथल्या स्टेशनावर एकच बाक,
अर्धा महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत,
माणसं मधोमध बसून शेंगा खातात.
त्या रविवारी पूल पाण्याखाली होता, पाव आला नाही.
रतूची सुवार्ता घरी पळाली
आणि टोपलीतली भाकर पदराखाली घेऊन आली.
ज्वारीची, करपट, तांबूस.
ती ज्वारी एकाच पट्ट्यात होते.
बी म्हाताऱ्याचं.

पावाला मोडताना आवाज नसतो.
भाकर मोडली आणि
शेवटच्या बाकापर्यंत ऐकू आलं.

जालमनं तुकडा घेतला. वास घेतला,
बैल घेतो तसा.
मग तोंडात टाकला आणि चावत राहिला,
पाळकांचं पुढचं वाचन संपलं तरी चावत राहिला.
रतूनं मागे वळून पाहिलं नाही.
मानेवर घाम होता त्याच्या.

बाहेर काही झालं नाही.
दोघांनी आपापल्या चपला शोधल्या.
रतूच्या अंगठ्याला खिळा टोचला, त्यानं शिवी दिली,
जालम हसला का खोकला, कळलं नाही.

संध्याकाळी तबक घेऊन बसले.
खिडकीकडचा पेला अर्धा होता.

भरलेल्याचं मला माहीत होतं, रिकाम्याचंही.
अर्ध्याचं काय करतात?
पस्तीस धुतले, पालथे घातले.
तो तसाच ओट्यावर राहू दिला,
दिवा मालवला.

सकाळी मुंग्या आल्या होत्या,
सीताफळापासून ओट्यापर्यंत एक रांग,
जाणारी येणारीच्या तोंडाला तोंड लावून
काहीतरी सांगत होती.
मी हंडा चुलीवरून उतरवला
आणि त्यांचं होईपर्यंत थांबले.