सोडलेला

हुपरीहून तार आणतो मी, चांदीची,
पैंजणाच्या घुंगराला वळसा घालते ती, केसाएवढी.
दस्तगीर मुल्लाणी दुकानाच्या मागल्या दारानं
कोंबड्याच्या मानेची पिसं देतो,
तांबडी, टोकाला काळी.
"कोंबडा नको, पिसं तेवढी पायजेत.
तुझं काय खरं न्हाई गड्या."

रात्री दिव्याखाली गळाच्या पाठीवर पीस गुंडाळायचं,
तार आवळायची, गाठ नखानं दाबायची.
झाली माशी.
उडत नाही, घोंगावत नाही.
पाण्यानं तिला खरी मानली म्हणजे पुरे.

हळदीच्या बंधाऱ्याखाली भोगावती मांडीएवढी.
वरून राधानगरीचं पाणी सोडलंय,
पायांना कळतं ते धरणाच्या पोटातलं आहे,
चैत्रातही पोटऱ्या बधिर करणारं.
कणकेची गोळी लावून बसलेली पोरं
माझी काठी मागं-पुढं होताना बघतात,
हवेत दोर वळताना बघतात.
"काका, मासं धरताय का म्हशी वळवताय?"

तीन वर्षांमागं इथंच मत्स्यखात्याचा टेम्पो आला होता.
फुगवलेल्या पिशव्यांत खडसाची पिल्लं, बोटाएवढी.
सरपंचानं नारळ फोडला.
पिशवी आधी अर्धा तास पाण्यावर तरंगत ठेवायची,
आतलं पाणी बाहेरच्याएवढं गार होईस्तोवर.
साहेबांच्या भाषणातलं एवढंच माझ्या लक्षात राहिलं.
मग तोंड सोडलं,
तर पिल्लं बाहेर येऊन तिथंच घुटमळली,
रिकाम्या पिशवीला चिकटून.

बाजारात बायका विचारतात,
नदीचा, का सोडलेला?
यल्लव्वा पर उचलून दाखवते.
सिमेंटच्या टाकीत वाढलेल्याचा पर झिजतो,
कडेला चावल्यासारखा.

मलाही विचारायचे.
निपाणीहून आणून मावशीच्या ओटीत घातला
तेव्हा मी पाच वर्षांचा.
पंगतीत, सोयरिकीच्या बैठकीत, आवाज खाली करून:
घरचा, का आणलेला?
मावशीला आई म्हणायला दोन पावसाळे लागले.
मला कुणी अर्धा तास तरंगत ठेवलं नव्हतं.

आज कितव्या फेकीला कोण जाणे
माशी धोंड्याच्या सावलीत उतरली
आणि पाणी आतून वळलं.
दोर गेला. रीळ किरकिरलं. बोट भाजलं.
पोरं हसायची थांबली.

सोडलेला असा धावत नाही, मी मनात म्हटलं.
सोडलेला माणसाच्या पावलाला वर येतो,
तोंड उघडून, दाणे पडतील म्हणून.
हा सरळ खोल, कपारीकडं,
त्या डोहाचा सातबारा त्याच्याच नावावर असल्यासारखा.
दोनदा दगडाला घासून दोर सुटता सुटता राहिला.
तिसऱ्यांदा मी चिखलात गुडघ्यावर.

जाळीत आला तेव्हा
खवले जुन्या पितळेचे, रुपयाएवढे,
ओठाच्या कोपऱ्यात माझी तांबडी माशी,
तिच्यावर चांदीचा एकच वेढा चमकत.
सवयीनं डावा पर उघडला.

झिजलेला.
कडेला चावल्यासारखा.

"काका, नदीचा का वो?"

गळ काढला.
त्याचं तोंड धारेकडं करून
दोन्ही हात पाण्याखाली धरून बसलो.
कल्ले उघडत होते, मिटत होते.
अर्धा तास नाही,
पण घाई केली नाही.
हात गारठून त्याच्याएवढे झाले
तेव्हा शेपटीचा एक फटका मनगटाला, आणि गेला.
घुटमळला नाही.

"नदीचाच," मी ओरडून सांगितलं,
"दुसऱ्या कुणाचा असणार?"

पोरगं काठावर उभं राहून
गढूळलेल्या पाण्याकडं बघत राहिलं,
एवढं मोठं जेवण गेलं म्हणून जरा रागानंच.
"आता सोडलेलाच झाला की त्यो!"