बी साइड, तिसरं गाणं

दुकानाची पाटी तीनदा रंगवली.
कॅसेट भरून मिळेल.
मेमरी कार्ड भरून मिळेल.
आता : चॅनेल काढून मिळेल.
पेंटर तोच, इंदोऱ्यातला नागदेवे.
तिसऱ्या वेळी म्हणाला, बावा, सगळंच पुसू का काही ठेवू?
म्हटलं, मिळेल तेवढं राहू दे.

एक्याण्णवच्या मे महिन्यात
पंचशीला सोमकुवर गायली ती मागच्या खोलीत,
भिंतींना गाद्या बांधून.
कूलर बंद, कारण कूलरचा आवाज येतो.
पंखा बंद, कारण पंख्याचाही येतो.
ढोलकीवर शफीभाई, बनियनवर,
बाहेर डांबर चपला धरून ठेवत होतं.
टॉवेल एकच, तो सगळ्यांत फिरला.

पाळण्याच्या दुसऱ्या कडव्यात
दोरी हाती घेते त्या ओळीवर
शेजारच्या गजभियेंचा कुकर वाजला.
ती थांबली. अर्धी मात्रा.
हसू गिळलं आणि बरोबर समेवर आली.
पुन्हा घ्यायला टेप नव्हती.
तीनशे रुपये आणि एक सुती पातळ.

मशीन एका मास्टरवरून चार काढायचं,
दुप्पट वेगात, म्हणजे महिनाभर
पंचशीलाबाई माझ्या दुकानात चिमणीसारखी चिरकत होती
आणि मी हिशेब लिहीत होतो.
ऑक्टोबरात दीक्षाभूमीच्या रस्त्यावर चादर अंथरली,
तिसऱ्या दिवशी नुसती चादर घडी करून आणली.
तिला आठशे सांगितल्या.
अकराशे काढल्या होत्या.
हे मी आज पहिल्यांदा लिहितोय.

मग कार्डं आली. नखाएवढ्यात दोन हजार गाणी, वीस रुपये.
ऑटोवाले, गिट्टीखदानचे ट्रकवाले,
कोणतं गाणं ते कुणी सांगत नसे,
भर बे, जेवढी मावतात तेवढी.
मग तेही यायचे थांबले.
त्या मधल्या वाईट वर्षी दिल्लीचा एक माणूस आला,
मास्टर टेपांचं पोतं त्यानं एका हातानं उचलून पाहिलं,
रद्दीवाला पाहतो तसं.
सात हजार. दोन पानांवर सह्या.
कागद इंग्रजीत होता.
लाइटही गेली होती, असं मी स्वतःला सांगतो.

काल बाई आली, सोबत तिची तक्षशीला.
पोरीनं आईला गच्चीवर बसवून गाववलं होतं,
मागून मेट्रो जाते तीही दिसते,
बाईनं पदर सारखा करून घेतलाय मेट्रोसाठी.
खाली एक ओळ आलेली :
हे गाणं दुसऱ्याच्या मालकीचं आहे.
कमाई झाली तर ती त्यांना जाईल.
"काका, हा आवाज मम्मीचा नाही त कोनाचा व्हय?"
"चुकलं असन मशीनचं," बाई म्हणाली,
"आवाज म्हातारा झाला न, वळखला नसन."

ओळखला होता. तेच तर.

मी कंपनीचं गाणं लावलं.
सगळं कसं लख्ख, घासलेल्या गंजासारखं.
शफीभाईची खुर्ची करकरायची, ती नाही.
कुकर नाही.
पण अर्धी मात्रा तशीच, तिच्यात काहीच नाही,
दार उघडावं आणि समोर कुणीच नसावं तशी.
मग गच्चीवरचं लावलं.
त्याच ओळीवर बाई थांबते.
मागून साथ देणारी तक्षशीलाही थांबते,
जी तेव्हा जन्मलीही नव्हती.
"काऊन थांबतेस इथं?"
"चालच तशी हाय न, काका."

तक्रारीचा फॉर्म उघडलाय.
हक्काचा पुरावा लिहा, असा एक रिकामा चौकोन.
लिहिलं : कुकर.
पुसलं.
लिहिलं : अकराशे.
पोरगी खांद्यावरून वाचतेय, तिला काही कळत नाही,
कळेल.
मी उठून कूलरच्या बटणाकडे हात नेतो,
का, कुणास ठाऊक, जुनी सवय.
"राहू द्या न चालू," बाई म्हणते,
"आता का रेकॉर्डिंग हाय का?"