जुळे

दलाल म्हणाला, ताई, तुमच्या पैशात दोनच घरं बसतात,
एक जुळे सोलापुरात,
एक अक्कलकोट रोडला, नीलम नगरच्या पुढं.
अंबादासनं कॅलेंडरचं सरलेलं पान उलटं केलं,
पट्टी न लावता मधोमध रेघ ओढली.
अक्कलकोट रोडची बाजू खाली खाली रुंद होत गेली
आणि मला त्याचा कौल कळला.

तिकडं त्याचा कारखाना, सायकलनं दहा मिनिटं.
तिकडं त्याची थोरली बहीण, मांडीवर विडीचं सूप,
तिकडं दुकानदार तेलुगूत उधार देतो
आणि मराठीत मागतो.
पाणी पाचव्या दिवशी.

इकडं पाणी चौथ्या दिवशी.
लहरीची शाळा रस्ता ओलांडला की.
शेजारी निवृत्त तलाठी, फाटकातच उभे,
पहिला प्रश्न त्यांचा: मूळ गाव कुठलं?
सोलापूर, आम्ही म्हणालो.
नाही, मूळ.
मूळ म्हणजे चार पिढ्यांमागं
तेलंगणातल्या कुठल्याशा खेड्यात
बुजत आलेला एक खड्डामाग असावा.
आम्ही पुन्हा म्हणालो, सोलापूर.

जुळं आहे तर दुसरं कुठाय, लहरीनं रिक्षात विचारलं.
हे काय बे, आत्ता निघालो तिथनं तेच की,
अंबादास म्हणाला, आणि बाहेर बघत राहिला.

मामय्यांना दोन्ही घरं दाखवली.
एकेचाळीस वर्षं मागावर, कान कधीच गेलेले.
ते खोल्या मोजत नाहीत, ओटा बघत नाहीत,
भिंतीला तळहात लावतात.
नीलम नगरच्या पुढं भिंत बारीक थरथरत होती,
पलीकडं कुणाचे तरी आठ माग.
चालू आहे, ते म्हणाले, आणि हसले.
इकडच्या भिंतीला त्यांनी बराच वेळ हात लावून ठेवला,
मग तो हात धोतराला पुसला.

पण मी वीस वर्षं त्या थरथरीत झोपलेय.
रात्रभर ताटलीवर ताटली वाजायची,
समई सरकत सरकत फळीच्या कडेला यायची,
रोज सकाळी मी तिला मागं ढकलायची.
लहरी तान्ही असताना
वीज गेली, माग थांबले, की दचकून रडायची,
आणि मी अंधारात तिला थोपटत
त्या एवढ्याशा शांततेकडं
मिठाईच्या दुकानाकडं बघावं तसं बघायची.

ठरलं कसं, ते विचारू नका.
त्या पानावर बेरीज झालीच नाही.
हप्त्यात माझ्या कॉलरींचे सात हजार आहेत,
शाळेच्या शर्टांच्या, दिवसाला दोनशे कॉलरी,
एवढं मी एकदाच म्हणाले,
तेही भाकरी उलटताना.
अंबादासनं शेंगाचटणीत दही कालवलं,
खूप वेळ कालवलं.
दुसऱ्या दिवशी दलालाला फोन त्यानंच केला.

आता समई ठेवली तिथंच असते.
पहिले आठ दिवस मलाच झोप नव्हती,
हे कुणाला सांगितलं नाही.
अंबादास पाऊण तास आधी निघतो,
गाडीच्या पेट्रोलचं बोलत नाही.
नणंदेनं घरभरणीला चादर दिली, गुलाबी, मोराची,
अजून घडीतच आहे.

चौथ्या दिवशी पहाटे नळाला पाणी येतं.
मी मोटर लावते.
कसं कळतं देव जाणे, ऐकू तर काही येत नाही,
पण मामय्या काठी न घेता उठतात,
जिन्याखालच्या भिंतीशी जातात,
तळहात टेकवतात, डोळे मिटतात.
चालू आहे.

टाकी भरते.
गच्चीवरून पाणी सांडायला लागतं,
तलाठी फाटकातून ओरडतात,
अहो, पाणी वाया चाललंय!
या गावात थेंबाला किती किंमत, मला ठाऊक आहे.
मी बटणावर बोट ठेवून उभी.
एक मिनिट.
अजून थोडं.