पाव सूत

खानापूरच्या बडिगेरचं जुनं करवतीचं मशीन
टेम्पोतून अनगोळला आणलं.
मोटर उद्यमबागेत गुंडाळून घेतली, पट्टा नवा घातला.
तरी फळी शेवटाला आली की जळका वास,
सागावर काळा ओरखडा.

गुण्या लावला. पातं सरळ.
बाजूची पट्टीच मागं अर्धा सूत आत.
बोल्ट सैल, हातोडीची टिचकी, परत आवळ,
परत सैल.
"काय करूलास बे मगाधरनं?" वरनं भागूअक्का.

बडिगेरला फोन लावला. हसला.
"ते मीच ठेवलेलं की हो तसं.
डावा हात ओढते माझं.
तीस वर्षं दोघं वाकडं,
म्हणून माल सरळ."

पट्टी काटेकोर केली. फळी घातली.
माप घेतलं, दोनदा घेतलं,
मग आपल्या डाव्या हाताकडं बघितलं.

पाव सूत परत आत घेतली.
अक्काला सांगितलं,
झालं सरळ.